वॉकरसह चालायला शिकवताना

सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा अन्य कारणाने ज्या मुलाचा शारीरिक विकास मंद आहे, त्याचे खुबे, गुडघे आणि घोटे फिजिओथेरपिस्टने तपासल्याशिवाय त्याच्यासाठी वॉकर निवडू नये. समोरून ढकलायच्या वॉकरवर पुष्कळ मुले ओणवी होतात. त्यांना मागून वेढणारा, आपल्यामागे ओढत न्यायचा वॉकर ताठ राहायला मदत करतो. धडच सावरत नसेल, तर छातीला व कमरेला आधार देणारा गेट ट्रेनर लागतो. तान्ह्या मुलांना बसवतात तो गोल वॉकर मात्र या कामासाठी मुळीच वापरू नये, कारण त्यात मूल चवड्यांनी रेटा देत सरकते आणि उलटण्याचा धोकाही असतो.

स्प्लिंट (पाऊल व घोटा नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार) आणि बूट घालूनच वॉकरसाठी माप घ्यावे. हात सैल सोडल्यावर मनगट जिथे येते, साधारण त्या उंचीवर वॉकरची मूठ असावी, म्हणजे ती धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते.

पाऊल टाकण्याआधी भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे जमले पाहिजे, आणि बहुतेक घरांत नेमका हाच टप्पा गाळला जातो. मुलाला टेबलाला धरून उभे करावे आणि आवडते खेळणे उजवीकडे, हात जरा लांबवावा लागेल इतक्या अंतरावर ठेवावे. ते घ्यायला मूल झुकले की भार उजव्या पायावर जातो आणि डावी टाच अलगद सुटते. ती सुटलेली टाच म्हणजेच पुढच्या पावलाची सुरुवात होय.

मुलाचे दोन्ही हात वर धरून त्याला चालवू नये, कारण मग ते आपल्या हातांना लोंबकळते आणि तोल सांभाळायला शिकत नाही. आपण मागे राहून कमरेच्या दोन्ही बाजूंना हलका हात ठेवावा, ‘पाऊल टाक’ असे एकदाच सांगावे आणि मनात दहापर्यंत आकडे मोजत थांबावे, कारण सूचना समजून ती स्नायूंपर्यंत पोहोचायला या मुलांना खरोखर वेळ लागतो. त्या वेळात वॉकर आपण ढकलला, तर मुलाचे पाऊल आपणच हिरावून घेतो.

सराव थोडा, पण दिवसातून अनेकदा घ्यावा. गुडघे वाकू लागले किंवा बोटे फरफटू लागली की लगेच बसवावे. स्प्लिंट काढल्यावर त्वचा रोज पाहावी, आणि अर्ध्या तासानंतरही लाली उतरली नसेल, तर स्प्लिंट दुरुस्त होईपर्यंत ते पुन्हा घालू नये.