जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलताय? आधी या चुका टाळा

कॉम्प्युटर सुरू व्हायला तीन मिनिटं, ब्राउझर उघडायला आणखी एक. प्रोसेसर म्हातारा झालाय, तोच बदलू, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय३ काढून मोठ्या हौसेनं आय७-३७७० बसवला आणि विंडोज सुरू व्हायला जवळपास तेवढाच वेळ लागत राहिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! अडथळा हार्ड डिस्कचा होता. फिरत्या तबकडीच्या डिस्कला इकडेतिकडे विखुरलेला डेटा सेकंदाला जेमतेम शंभर वेळा वाचता येतो, साधी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) तेच काम हजारो वेळा करते. एसएसडी लावल्यावर कळलं, आय३ ठेवला असता तरी माझं भागलं असतं.

न मोजता ठरवणं

मशीन अडखळत असेल त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर (कोणता भाग किती व्यस्त आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर २० वर असेल तर नवा प्रोसेसर काही करणार नाही. मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅम वाढवा. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावून ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणं) करून बघा, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर.

इथे एक चकवा आहे. चार कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) प्रोसेसरवर एखादा प्रोग्रॅम एकच कोअर पिळून काढत असेल, तर एकूण आकडा दिसतो फक्त २५ टक्के. आठ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे, विंडोजच्या भाषेत लॉजिकल प्रोसेसर) असतील तर १२-१३. आपण म्हणतो, प्रोसेसर तर निवांत आहे! म्हणून परफॉर्मन्स टॅबमधल्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा आलेख वेगळा बघा.

तापमानही याच वेळी तपासा. वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) आणि धुळीनं भरलेला हीटसिंक (कूलरमधला उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) असला की प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोहोचतो आणि स्वतःच वेग कमी करतो. असा प्रोसेसर जुना झालेला नसतो, गुदमरलेला असतो.

फक्त सॉकेट जुळवणं

सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात. २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची खाच, एलजीए ११५१. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीचं नावही तेच. पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी मदरबोर्डवरची चिप) लागतो, १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डवर ती चालत नाही. प्रोसेसर खाचेत नीट बसतो, मशीन मात्र सुरू होत नाही. निर्णय सॉकेटवर सोडू नका. मदरबोर्डचं नेमकं मॉडेल आणि त्याची आवृत्ती शोधा, बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर त्या बोर्डची प्रोसेसर-यादी बघा आणि प्रत्येक प्रोसेसरपुढे बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरची) कोणती आवृत्ती लिहिली आहे तेही वाचा. बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचा असतो. आधी प्रोसेसर बदलून मग बायोसचा विचार करणारे घोडं गंगेत न्हाण्याआधीच अडकतात. अपडेट चालू असताना वीज जाणार नाही याची काळजी घ्या.

तयार ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये बायोस, पॉवर सप्लाय आणि कूलर बहुतेकदा मूळ प्रोसेसरपुरतेच असतात. तिथे त्याच मॉडेलसोबत कंपनीनं जे प्रोसेसर विकले, त्यांच्या पलीकडे न गेलेलं बरं.

कोअर मोजत बसणं

आय५-३४७० वरून आय७-३७७० वर गेलात तर कोअर चारच राहतात, थ्रेड चाराचे आठ होतात आणि कमाल वेग ३.६ वरून ३.९ गिगाहर्ट्झ होतो. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला हे जाणवेल, टायपिंग आणि ब्राउझिंग करणाऱ्याला नाही. उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डवर रायझन ५ १६०० च्या जागी ५६०० बसवला तर सहा कोअर आणि बारा थ्रेड तेच दिसतात, पण प्रत्येक कोअर पुष्कळ वेगवान असतो. माझं मत विचाराल तर जुन्या बोर्डवर प्रोसेसर बदलणं आजही खरंच परवडतं ते एएम४ वाल्यांना.

विंडोज ११ साठी म्हणून बदलत असाल तर आणखी जपून. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका इथपासून पुढचे प्रोसेसर साधारणपणे आहेत. आय५-६५०० काढून आय७-७७०० घातलात तरी तुम्ही यादीबाहेरच.

आणि हो, मॉडेलच्या शेवटचं अक्षर वाचा. आय५-९४००एफ मधल्या एफचा अर्थ आतलं ग्राफिक्स नाही. एएम४ वरच्या रायझनमध्येही साधारणपणे नावात 'जी' (G) हे अक्षर असेल तरच ते मिळतं. वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार.

बसवल्यावर काहीच दिसत नाही?

एएम४ चा जुना प्रोसेसर काढताना कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट घट्ट झालेली असेल तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर येतो आणि पिना वाकतात. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हळूच डावी-उजवीकडे पिळत सोडवा. इंटेलच्या एलजीएमध्ये पिना बोर्डवर असतात, तिथे सॉकेटला बोट लावायचं नाही.

नवा प्रोसेसर बसवल्यावर पडदा काळा राहिला तर घाबरून लगेच बटण दाबू नका, रॅम ओळखायला पहिल्या वेळी काही मिनिटं जाऊ शकतात. तरीही काही नाही? सॉकेटजवळची चार किंवा आठ पिनांची पॉवर केबल बघा, ती लावायची हमखास राहते. मग रॅम काढून परत बसवा, प्लग काढून सीमॉस रीसेट करा (म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणा). एएमडीच्या मशीनवर नवा प्रोसेसर दिसल्यावर एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारी प्रोसेसरमधली सोय) रीसेट करायचं का, असा प्रश्न येऊ शकतो. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल तर तिथे वाय दाबू नका. एन दाबून मशीन बंद करा, जुना प्रोसेसर परत लावा आणि रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.