गार्डशिवाय लोकल चालवायची तर गाडीत काय काय बदलावं लागतं

आधी कागद घ्या आणि गार्ड दिवसभर काय काय करतो ते लिहून काढा, मग त्यातल्या प्रत्येक कामाची गाडीत दुसरी सोय झालीय का ते बघा. एक जरी काम उरलं तरी गार्डला उतरवायचं नाही.

हे मी ब्रिटनच्या गाड्यांवरून सांगतोय. बेडफर्ड ते लंडन सेंट पँक्रस मार्गासाठी क्लास ३१७ (तिथे गाडीच्या प्रकाराला असा क्रमांक देतात) गाड्या मुद्दाम एकट्या ड्रायव्हरसाठी बनवल्या, पण युनियनशी जमेना म्हणून तयार गाड्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये धावल्या. त्यामुळे युनियनशी बोलणी पहिल्या दिवसापासून करा.

दरवाज्यांची बटणं ड्रायव्हरच्या पुढ्यात आणा, डावीकडची वेगळी, उजवीकडची वेगळी, कारण चुकीच्या बाजूचे उघडले तर माणूस सरळ रुळावर. मग इंटरलॉक, म्हणजे सगळे दरवाजे लागल्याशिवाय मोटरला करंटच नाही. पण प्लीज नुसत्या दिव्यावर विसंबू नका, ओढणी किंवा बॅगेचा पट्टा अडकला तरी दिवा सगळं बंद असंच दाखवू शकतो, म्हणून डोळ्यांनी बघणं हेच खरं काम आणि पैसा इथेच घाला. सुरुवातीला तिथे फलाटावर आरसे आणि टीव्ही लावले, ड्रायव्हर नेमका त्यांच्यासमोर थांबला तरच नीट दिसायचं. आता त्याच बेडफर्ड लाइनवरच्या क्लास ७०० गाड्यांना बाहेरून कॅमेरे आहेत आणि चित्र थेट केबिनमध्ये येतं. आपल्या साध्या लोकलला तर दरवाजेच बंद होत नाहीत, तिथे हा विषय सुरूच होत नाही.

रेडिओ सिग्नलवाल्याशी थेट बोलणारा हवा, आणि कुठली गाडी बोलतेय ते त्याला आपोआप कळायला हवं. डब्यातला धोक्याचा अलार्म ओढला की ड्रायव्हरला प्रवाशाशी बोलता आलं पाहिजे, आणि गाडी बोगद्यात असेल तर ब्रेक थोपवून पुढच्या स्टेशनपर्यंत नेताही आली पाहिजे. डेडमॅन पेडल, म्हणजे ड्रायव्हरचा पाय सुटला की आपोआप ब्रेक लावणारं पेडल, तर हवंच.

अपघात झाला तर शेजारच्या रुळावरची गाडी थांबवायला आता ड्रायव्हरलाच धावायचंय, म्हणून ट्रॅक सर्किट क्लिप, म्हणजे तारेने जोडलेले दोन चिमटे, केबिनमध्येच ठेवा. ती शेजारच्या मार्गाच्या दोन्ही रुळांना जोडली की त्या मार्गावर येणाऱ्या गाडीसाठीचा सिग्नल लाल होतो, अर्थात तिथे ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणारी यंत्रणा, असेल तरच.

आणि चाचणी दुपारी रिकाम्या गाडीने उरकू नका, वळणाच्या फलाटावर, भर गर्दीत, मावळतीचं ऊन स्क्रीनवर येतं तेव्हा घ्या.