अन्य भाषेत प्रार्थना सुरू झाली की काय करायचं?

खानापूर, नंदगड, बेळगाव, निपाणी, पार चिकोडीपर्यंत. पास्टर कन्नडमधून बोलणारे आणि समोर बसलेले निम्मे मराठी, अशी सभा असली की मला बोलावणं येतं. दुभाष्याचं काम. शाळेतली नोकरी संपल्यावर हे मागं लागलं. मी मेथोडिस्ट घरचा, पण माईक धरून पेन्टेकॉस्टलांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिलोय, सीएसआयच्या (चर्च ऑफ साउथ इंडियाच्या) चर्चमध्ये आणि कॅथलिकांच्या रिट्रीटमध्येही. आमच्याकडं सोयरिकी आता पंथ बघून होत नाहीत. मग लग्नानंतर कुणीतरी हटकून विचारतंच, "मास्तर, सासरच्या चर्चला गेलते, सगळी एकदम कायतरी बोलायला लागली. मी काय करायचं ओ?" ही अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेच्या भरात तोंडून येणारे, शिकून न घेतलेले, ऐकणाऱ्याला न कळणारे बोल. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

जायच्या आधीच घरात विचारून घ्या, "तुमच्यात अन्य भाषा चालते का?" सरळ विचारलं तर कुणी रागवत नाही. असेंब्लीज ऑफ गॉडसारख्या पेन्टेकॉस्टल मंडळ्यांनी 1916 सालीच लेखी ठरवून ठेवलंय की पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याची पहिली दिसणारी खूण म्हणजे अन्य भाषा. तिथं ती ऐकू येणार, आणि मोठ्यानं. ब्रदरन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत नेमकं उलटं. ती चिन्हं प्रेषितांच्या काळापुरती होती, शास्त्र पूर्ण झालं तशी थांबली, असं ते बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायावरून सांगतात. कॅथलिकांच्या रोजच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, काही ऐकू येणार नाही, आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या त्यांच्या करिश्मॅटिक प्रार्थनासभेत येईल. त्यांच्यात ही चळवळ 1967 साली पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या मंडळींपासून सुरू झाली. आम्ही मेथोडिस्ट आणि सीएसआयवाले मधले. मनाई कुणी करत नाही, पण रविवारच्या उपासनेत कुणी सुरू केलंच, तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मान वळवून बघणार.

वाद घालायची हौस असेल तर आधी एक विचारा, कुठल्या यादीबद्दल बोलताय? कॅथलिक माणसाला आत्म्याची दानं म्हटल्यावर दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतरच्या विधीच्या) वर्गात पाठ केलेली सात आठवतात, बायबलातल्या यशयाच्या 11व्या अध्यायातली. सुज्ञता, धैर्य, देवाचं भय वगैरे. पेन्टेकॉस्टलला आठवतात ती करिंथकरांस त्याच पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायातली नऊ: रोग बरे करणं, संदेश देणं, अन्य भाषा बोलणं, तिचा अर्थ सांगणं आणि बाकीची. मी दोन व्याह्यांना जेवणं गार होईपर्यंत भांडताना बघितलंय, आणि दोघांच्या मनातल्या याद्याच वेगळ्या.

"हे सगळं अमेरिकेचं खूळ" असं आमच्यातलेच काही ज्येष्ठ म्हणतात, त्यांना मी केडगावचं सांगतो. ज्यांच्यापासून हे सुरू झालं असं ते मानतात, त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभा 1906 च्या. त्याच्या आदल्या वर्षी, जून 1905 मध्ये, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमात मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या, आणि थोड्याच काळात तिथं अन्य भाषाही ऐकू आली. रमाबाईंसोबत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स मुळात मेथोडिस्ट मिशनरी. त्यांनी यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या मेथोडिस्टांच्या हाती पडली आणि 1909 पासून तिकडं पेन्टेकॉस्टल मंडळ्या उभ्या राहिल्या. म्हणजे पुणे जिल्ह्यातली ठिणगी समुद्रापार गेली. आणि रमाबाईंचं मत काय होतं? अन्य भाषा देवाची असू शकते, पण आत्मा मिळालेल्या प्रत्येकाला ती यायलाच हवी असं नाही. मला ते पटतं.

आता प्रत्यक्ष सभेत. पास्टर कन्नडमधून एक वाक्य बोलतात, मी मराठीत करतो, असं छान चाललेलं असतं. प्रार्थना तापत जाते, "स्तोत्र, स्तोत्र" वाढतं, आणि एका क्षणी त्यांच्या तोंडून कन्नडही नाही, मराठीही नाही, असं काही वाहायला लागतं. मी तेव्हा माईक छातीशी खाली घेतो, अंगठ्यानं बटण बंद करतो आणि अर्धं पाऊल मागं सरतो. पहिल्या रांगेतली अक्का नंतर गाठतेच, "मास्तर, तुम्ही का गप्प झाला ओ?" मला कन्नड येतं म्हणून मी उभा असतो. जे कळलंच नाही त्याचं मराठी कुठनं आणू? अर्थ सांगणं हे ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलानं वेगळं कृपादान (आत्म्याचं दान) म्हणून मोजलंय, ते माझ्या पगारी-बिनपगारी कामात बसत नाही. काही दुभाषी तशा वेळीही दणक्यात बोलत राहतात. तसलं ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

तुम्ही पाहुणे असाल तर पाठीमागं, वाटेच्या कडेला बसा. सगळे उभे राहिले की उभे राहा. हात वर करायची सक्ती नाही. हसू नका, मोबाईल काढून शूटिंग तर अजिबात नको. आपली प्रार्थना आपल्या भाषेत हळू आवाजात करा. आवाजाची लाट आपोआप उतरते, तेवढा दम धरा. लहान पोरं सोबत असतील तर त्यांना घरनंच सांगून न्या की मोठी माणसं रडतील, ओरडतील, कुणाला काही झालेलं नसतं. न सांगता नेलेलं पोर घाबरून पुन्हा चर्चची पायरी चढत नाही.

कुणी डोक्यावर हात ठेवून "हालेलुया म्हण, भराभर म्हण, जीभ सैल सोड" असं करायला लागलं, तर नमस्कार करून "पास्टर, देव देईल तेव्हा" म्हणा आणि बाजूला व्हा. सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असं पौलानं त्याच पत्राच्या 12:30 मध्ये विचारलंय, आणि उत्तर 'नाही' हेच अपेक्षित आहे. आत्मा आपल्या इच्छेप्रमाणं वाटतो, हे 12:11 ला. शिकवणी लावून येणारी गोष्ट नाही ती.

ज्यांना हे कृपादान आहे, त्यांनी आमच्याकडं येताना त्याच पत्राचा 14वा अध्याय नीट वाचून यावा. दोघं, फार तर तिघं, एकामागून एक, आणि कुणीतरी अर्थ सांगावा. सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प बसून स्वतःशी आणि देवाशी बोलावं. त्याच अध्यायात परका माणूस आत आला तर तुम्हाला वेडं म्हणेल असंही आहे, आणि अन्य भाषा बोलायला मनाई करू नका असंही. एक बाजू पहिलं वचन झाकून ठेवते, दुसरी बाजू दुसरं.

संदेशाच्या, म्हणजे देवाकडून आलंय म्हणून सांगितलेल्या गोष्टीच्या बाबतीत मी कडक आहे. "देवानं मला दाखवलं, ही मुलगी त्या घरात द्या", "जागा विकून मंडळीला द्या" असं कुणी सांगितलं तर त्या दिवशी हो म्हणू नका. संदेश ऐकणाऱ्यांनी पारखावा, हे 14:29 चं वचन. दुसऱ्या मंडळीतल्या एखाद्या जाणत्याला विचारा, घरात बोला. पैसे देऊन आत्म्याची शक्ती विकत मागणाऱ्या शिमोनाला पेत्रानं कसं झापलं, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 8व्या अध्यायात आहे.

आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा, याकोबानं सांगितलंच आहे. पण बीपीची, शुगरची गोळी बंद करायला कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. पौलानं आपला सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, आणि दुसरा सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारीच सोडून पुढं गेला. चमत्कार बघितलेल्या माणसाची ही गत. कॅथलिकांना तर 2000 सालीच रोमहून लेखी सूचना आल्यात की बरं होण्यासाठीच्या प्रार्थनेत उन्माद आणि नाटकीपणा नको.

घरी सगळ्या पंथांची प्रार्थना ठेवणार असाल तर सुरुवातीलाच यजमानानं सांगून टाकावं: गाणी मराठी आणि कन्नड दोन्ही, वचन एकानं वाचायचं, मोठ्यानं प्रार्थना एका वेळी एकानं, अन्य भाषा मनातल्या मनात. पाहुणे तेवढं मानतात. न सांगता मधेच थांबवलं तर मात्र रुसतात. शेजारी हिंदू, मुसलमान, लिंगायत सगळेच असतात. खिडक्या लावून घ्या, स्पीकर लावायचा नाही, आणि दिवस आधी शेजारच्या वहिनींना सांगून या. सभेनंतरचा चहा-उपमा त्यांच्याकडंही गेला पाहिजे.

राहिली प्रभूच्या मेजाची, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीची गोष्ट, कारण खरी खटपट अन्य भाषेपेक्षा तिथंच होते. कॅथलिक मिस्साला प्रोटेस्टंटांनी कोमुन्याव (पवित्र भाकर) घ्यायला रांगेत उभं राहू नये, जागेवरच बसून राहावं. ब्रदरनकडं भाकर मोडायला, म्हणजे त्याच विधीला, बसायचं असेल तर आपल्या मंडळीची ओळखचिठ्ठी मागतात. ती शनिवारीच घेऊन ठेवा. रविवारी सकाळी पाळक सापडत नाहीत.