पावसाळ्यानंतर घराच्या भिंती प्रेशर वॉशरनं धुताना

बेळगावकडच्या खानापूर भागात चार महिने पाऊस झोडपतो, मग दिवाळीआधी कंपाउंड, पायऱ्या सगळं हिरवं काळं झालेलं असतंय बघा. जोरानं पाणी मारणारं हे मशीन भाड्यानं आणलं की आधी खिडक्या बंद, बाहेरचे प्लग नि मीटर बॉक्स झाका, आणि मशीनला तीस मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच) असलेलीच लाईन द्या, ओल्यात एक्स्टेन्शन वायर लोळवत ठेवू नका की ओ.

नोझलचं म्हणाल तर डिग्री म्हणजे फवारा किती पसरतो ते; लाल म्हणजे शून्य डिग्री, एकच बारीक धार, ते हातात घेऊच नका, पांढरं चाळीसचं लावा, तीन फुटांवरून सुरू करा, कोपऱ्यात टेस्ट घेऊन हळूहळू जवळ या. मी एकदा हिरवं, पंचवीसचं लावून जांभ्याच्या चिऱ्याजवळ गेलो तर सांध्यातला चुना भुसभुशीत होऊन खालीच आला, आईनं दिवसभर ऐकवलं! मंगलोरी कौलांवर तर मारूच नका, ब्रशच बरा.

लाकडी डेक (फळ्यांचा ओटा) असेल तर प्रेशर एकदम कमी, रेषांच्या दिशेनंच फिरवा, नाहीतर कुसळं उठतात. शिडीवर चढून गन दाबायची नाही, गनचा मागं झटका बसतो. चप्पल नको, गमबूट नि गॉगल घाला, पाणी कातडीत घुसलं तर जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.