जनरेटिव्ह डिझाइनने लेआउट करताना या चुका टाळा

नियम आणि उद्दिष्टे भरून संगणकाकडून आराखड्याचे पर्याय काढून घेणे म्हणजे जनरेटिव्ह डिझाइन. त्यात हजार पर्याय निघाले, पण मंजुरीला पाठवावा असा एकही नाही, अशी वेळ आली की लगेच अल्गोरिदम बदलायला जाऊ नका. घोळ बहुतेकदा आपणच भरलेल्या माहितीत असतो.

आधी एकके तपासा. जीआयएसचा (संगणकीय नकाशाचा) थर अक्षांश-रेखांशात असेल आणि तसाच ग्रासहॉपरमध्ये (राइनो या 3डी आरेखन प्रोग्राममधले जनरेटिव्ह डिझाइनचे साधन) आणला, तर अख्खा प्लॉट ठिपक्याएवढा दिसतो. मीटरमध्ये मोजणारी यूटीएम ही नकाशा-पद्धत वापरा: पुण्यासाठी विभाग 43 उत्तर, नागपूरसाठी 44 उत्तर घ्या. मग सगळे काम शून्यबिंदूजवळ सरकवा. पुण्याचा उत्तरेकडचा आकडा 20 लाख मीटरच्या पुढे जातो आणि एवढ्या लांब राइनोचे ऑफसेट (समांतर रेषा) चुकायला लागतात.

सगळ्यात महागात पडते ती मोकळ्या जागेची चूक. यूडीसीपीआर 2020 (महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली) प्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. नुसता टक्का भरलात, तर प्रोग्राम कंपाउंडलगतच्या दीड-दीड मीटरच्या पट्ट्या आणि कोपऱ्यांतले त्रिकोण गोळा करून बेरीज जुळवतो. हिशेब बरोबर, पण पोरांना क्रिकेट खेळायला जागा कुठेच नाही. म्हणून एकसंध तुकडा आधी बाजूला काढा, त्याला किमान रुंदी ठरवून द्या आणि उरलेल्या जमिनीवरच इमारती बसवा. सामासिक अंतरांचेही (हद्द आणि इमारत यांमधल्या सक्तीच्या मोकळ्या जागेचेही) तसेच: नियम मोडला की गुण कापण्यापेक्षा नियम मोडताच येणार नाही अशी रचना करा.

ऊन हा दुसरा सापळा. 'उन्हाचे तास जास्तीत जास्त' हे उद्दिष्ट थंड देशांत शोभते. नागपूरच्या मे महिन्यात ते माणसाला भाजून काढेल. दोन वेगळी उद्दिष्टे ठेवा: मेच्या दुपारी पायवाटेवर सावली, डिसेंबरच्या सकाळी खिडकीत ऊन. वॉलासे हे ग्रासहॉपरमधले पर्याय शोधणारे साधन प्रत्येक उद्दिष्ट कमीच करत नेते, तेव्हा जे वाढवायचे त्याला उणे चिन्ह लावा. विसरलात तर सर्वांत उघडाबोडका आराखडा पहिला येईल.

उत्तरे स्थिरावत नसतील तर स्लायडर (आकडा बदलण्याची सरकपट्टी) पाहा. इमारत फिरवायला 0 ते 175 अंशांत 5-5 ची पायरी दिली तर 36 पर्याय होतात; 0.001 ची दिली तर पावणेदोन लाख. एवढी बारीक पायरी जागेवर कोणी आखतही नाही.

उतारासाठी उपग्रहाच्या 30 मीटर चौकटीवर विसंबू नका, त्यात छोटा नाला दिसतच नाही. टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने कंटूर (समान उंचीच्या रेषा) घ्या. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पहिली फेरी चालवण्याआधीच भरा.