सीआरटी प्रोजेक्टरचे कन्व्हर्जन्स : जुळवणी साठवणे आणि तिची प्रत काढणे

तासभर खपून लाल, हिरवी आणि निळी प्रतिमा पडद्यावर नेमकी एकावर एक बसवावी (यालाच कन्व्हर्जन्स म्हणतात) आणि साठवण्याआधीच लाइट जावी, म्हणजे सारे काम पाण्यात. मराठवाड्यात तीन नळ्यांचा, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळी चित्रनळी असलेला, सीआरटी प्रोजेक्टर चालवणाऱ्याने म्हणूनच प्रत्येक टप्प्यानंतर जुळवणी साठवावी आणि शक्य असेल तर यंत्र यूपीएसवर घ्यावे.

यंत्र किमान अर्धा तास तापू द्यावे, कारण थंड यंत्रावर बसवलेल्या रेघा नंतर सरकतात. हिरवी नळी हा आधार असल्यामुळे आधी तिचा फोकस आणि भूमिती पक्की करून साठवावी. मग निळी नळी झाकून लाल जाळी (चाचणीसाठी दाखवलेले आडव्या-उभ्या रेघांचे चित्र) हिरवीवर आणावी. दोन्ही नेमक्या बसल्या की रेघ पिवळी दिसते; कोपऱ्यात तिच्या एका कडेला लाल झालर उरली असेल, तर तेवढ्या भागाचे काम बाकी आहे असे समजावे. आधी मध्य, मग कडा, शेवटी कोपरे, हाच क्रम ठेवावा. निळीचेही तसेच करावे.

अनेक यंत्रांत सिग्नलच्या आडव्या वारंवारतेनुसार (सेकंदाला किती आडव्या रेघा काढल्या जातात त्यानुसार) स्मृतीचे वेगवेगळे कप्पे असतात. पाल (भारतातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) सिग्नल १५.६२५ किलोहर्ट्झचा, ४८०पी (४८० रेघांचे चित्र) सुमारे ३१.५ चा, ६० हर्ट्झचा १०८०आय ३३.७५ चा आणि ७२०पी ४५ चा असतो. नव्या सिग्नलसाठी सर्वांत जवळच्या वारंवारतेच्या कप्प्याची प्रत घ्यावी: ४८०पीवरून १०८०आयला थोडीच दुरुस्ती लागते, तर पालवरून ७२०पीला जवळपास सगळे पुन्हा करावे लागते. प्रत काढताना मूळ कप्पा कोणता आणि लक्ष्य कोणता, हे दोनदा वाचावे, कारण लक्ष्य कप्प्यातली जुनी जुळवणी पुसली जाते आणि ती सहसा परत मिळत नाही. पडद्यावर आकडे दिसत असतील तर त्यांचे मोबाइलवर फोटो आधीच काढून ठेवावेत.

एका यंत्राची जुळवणी दुसऱ्यावर नेण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नळ्या, त्यांवरील कॉइल आणि पडद्यापासूनचे अंतर वेगळे असल्याने ती फार तर ढोबळ सुरुवात ठरते.

काही जुन्या यंत्रांत ही स्मृती बॅटरीवर टिकते. ती बदलण्यापूर्वी सर्व कप्प्यांची नोंद करावी, आणि नळ्यांवर सुमारे ३० हजार व्होल्टचा दाब असून तो यंत्र बंद केल्यावरही काही काळ राहतो, त्यामुळे झाकण जाणकार तंत्रज्ञानेच उघडावे.