पाण्यात आवाज एकाच बाजूला पाठवायचाय? ट्रान्सड्युसरची मागची बाजू आधी बघा

सोनारचा ट्रान्सड्युसर (विजेचं पाण्यातल्या आवाजात रूपांतर करणारा भाग) करायला घेतला की सगळे समोरच्या तोंडाच्या मागे लागतात, पण आवाज एकाच दिशेला हवा असेल तर मागून काय निसटतंय ते आधी बघायला हवं. पीझेडटीची (व्होल्टेज दिलं की आकार बदलणाऱ्या सिरॅमिकची) रिंग जशी पुढे ढकलते तशीच मागेही ढकलते, नुसती पाण्यात सोडली तर बरीचशी पॉवर नको तिकडे जाणार.

त्यासाठी टोनपिल्झ रचना घ्या, म्हणजे दोन वजनांच्या मधे सिरॅमिक दाबून बसवलेली. मधे पीझेडटी-4 किंवा 8 च्या रिंगा (हे पीझेडटीचे प्रकार; 5ए नको, तो आवाज टिपायला चांगला पण जास्त पॉवरवर तापतो), पुढे ॲल्युमिनियमचं हलकं हेड, मागे स्टीलचं जड टेल आणि सगळ्यातून आरपार एक बोल्ट. टेल हेडच्या तीन-चार पट जड ठेवा, म्हणजे जास्तीत जास्त हालचाल हेडकडे जाते. रिंगा सम संख्येत घ्या, दोन्ही टोकं ग्राउंडला येतात आणि हेड-टेलवर व्होल्टेज राहत नाही. बोल्ट नीट कसायलाच हवा कारण सिरॅमिक दाब सोसतं पण ताण पडला की तडकतं, आणि कसताना तारांना मोठा कपॅसिटर लावून ठेवा, त्यावरच्या व्होल्टेजवरून दाबाचा अंदाज येतो आणि शॉकही बसत नाही.

आता मागचं. टेलभोवती हवा ठेवा. पाणी आणि हवेच्या अकुस्टिक इम्पिडन्समध्ये (आवाजाला होणाऱ्या अडथळ्यात) साडेतीन हजार पटींचा फरक आहे त्यामुळे टेलकडून हवेत जवळजवळ काहीच जात नाही. फोम किंवा कॉर्क-रबर भरणार असाल तर खोली विचारात घ्या, 100 मीटरवर 11 ॲटमॉस्फिअर दाब असतो, तो थेट त्यावर आला तर फोम चेपून निकामी होतो. आणि टेल घराला (बाहेरच्या केसिंगला) कुठेही चिकटता कामा नये! हेडसुद्धा मऊ रबरावर बसवा, नाहीतर अख्खं घरच वाजायला लागतं.

एवढं करूनही तोंड लहान असेल तर आवाज कडेने वळून मागे जातोच. 30 किलोहर्ट्झला पाण्यात तरंगलांबी 5 सेंटीमीटर, म्हणजे 10 सेंटीमीटर तोंडाला साधारण 25 ते 30 अंशांचा बीम मिळतो. पण एवढं मोठं एकच हेड करू नका, ते मधे एक आणि कडेला दुसरंच हलतं. त्यापेक्षा जेमतेम अडीच सेंटीमीटर तोंडाचे असे 16 ट्रान्सड्युसर (एलिमेंट) 4 बाय 4 मांडा, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य अर्ध्या तरंगलांबीवर, सगळे एकाच फेजमध्ये, म्हणजे एकाच वेळी पुढे-मागे हलणारे. माझ्या मते इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

टेस्ट करताना टाकीत हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) एक मीटरवर ठेवा, दहा सायकलचा छोटा पल्स द्या म्हणजे भिंतीवरचा प्रतिध्वनी वेगळा ओळखू येतो, आणि ट्रान्सड्युसर पूर्ण गोल फिरवून रीडिंग घ्या. मागे आवाज जास्त आला तर आधी टेल कुठे टेकतंय का ते शोधा, मग हवेच्या जागेत पाणी शिरलंय का ते बघा, हेडला हात त्यानंतर.